कोऱ्या कापडाचा ठराव

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, जमीन मोजणीच्या खात्यातून सेवानिवृत्त झालेले आणि तरीही खिशात टेप घेऊन आलेले श्री. सूर्यभानजी टवलारे, आमच्या सुईदोरा महिला मंडळाच्या संस्थापक अध्यक्षा आदरणीय पार्वताबाई गावंडे, आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांच्यासाठी मधली खुर्ची ठेवली होती आणि ज्या तरीही कडेच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आहेत, त्या आमच्या खातूनबी, आईला अकोल्याला न्यायला आलेली त्यांची लेक शाइस्ता, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मंडळातल्या भगिनींनो, आणि भिंतीला टेकून उभे असलेल्या, जेवण किती वाजता आहे हे मला दोनदा विचारून गेलेल्या बंधूंनो!

आत्ताच आपण ऐकलंत, की गीतांजली मॅडम चार शब्द बोलतील. चौतीस वर्षं मी या दर्यापुरात पोरं शिकवली. चार शब्दांत मला कधी थांबता आलं नाही, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, कारण ते माझ्या वर्गात होते. शुभम, मोबाईल खाली ठेव. चौथीतही तुझं लक्ष खिडकीबाहेरच असायचं.

माझ्या हातात ही दोन पानं आहेत. भाषण रीतसर लिहून आणलं आहे. काल पार्वताबाईंनी ते वाचून घेतलं, त्यातली एक ओळ खोडली आणि 'आता ठीक हाय' म्हणाल्या. खोडलेली ओळ अशी होती, 'खातूनबींना कापडाची जाण आहे.' मंडळाच्या अध्यक्षाबाईंचा मान ठेवून मी ती वाचणार नाही.

तर खातूनबी. आपल्याला वाटेल की हा वयोमानाप्रमाणे होणारा साधा निरोप आहे. गुडघे दुखतात, लेक बोलावते, आई जाते. मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "खातूनबी, काहून चालल्या तुम्ही?" त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "इथं आता माझं काम काय आहे, मास्तरीणबाई? सुईत दोरा ओवाचा, तर तो कोणीबी ओवते." एवढंच म्हणाल्या आणि मला वाटाणे दिले सोलायला.

महिनाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तसं पाहिलं तर त्यांचं काम होतं. मंडळ निघालं तेव्हा बेतणी खातूनबींकडे होती. बंधूंना कळणार नाही म्हणून सांगते. कोणता तुकडा कुठं बसायचा, कापड कसं आखायचं, कसं कापायचं, हे जी ठरवते तिच्याकडे बेतणी. बाकीच्या आम्ही टाके घालणाऱ्या. मग नऊ वर्षांपूर्वी ती बेतणी त्यांच्याकडून गेली आणि त्या सतरंजीच्या टोकाला, दाराजवळ जाऊन बसल्या. आजही पाहा कुठं बसल्यात.

ती का गेली, हे नव्या मुलींना माहीत नसेल. पान एकवर मी फक्त 'काही मतभेद झाले' असं लिहिलं आहे. मतभेद! भगिनींनो, दर्यापूरनं निवडणुका पाहिल्या, पण कापड आधी धुवावं की आधी शिवावं, या प्रश्नानं हे गाव जसं फाटलं तसं कशानं फाटलं नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गोधडी जुन्या लुगड्यांची व्हायची. लुगडं आधीच दोनशेदा धुतलेलं असायचं, त्याला आटायला काही उरलेलं नसायचं. पण अमरावतीच्या एका प्रदर्शनात आम्हाला जागा मिळाली आणि तिथल्या लोकांनी सांगितलं, कापड कोरं हवं, नवं. कोरं कापड आलं आणि भांडण घेऊन आलं.

खातूनबी म्हणाल्या, "कोऱ्या कापडाले आधी पाणी दाखवा. त्याले आटायचं तेवढं आटू द्या, रंग सोडायचा तेवढा सोडू द्या. मंग सुई लावा." पार्वताबाई म्हणाल्या, "नवं कापड धुतलं का जुनं झालं. गिऱ्हाइकाले नवं पाह्यजे. खळ असली का सुई कशी सरळ जाते!" दोघींच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि ज्या वादात दोन्हीकडे तथ्य असतं तो वाद मिटवायला कुणी पुढं येत नाही, हे मी शाळेतल्या शिक्षकांच्या बैठकांत शिकले.

पहिल्या महिन्यात सतरंज्या दोन झाल्या. दुसऱ्या महिन्यात चहा वेगळा झाला. धुणाऱ्यांच्या चहात आलं, न धुणाऱ्यांच्या चहात विलायची. तिसऱ्या महिन्यात एका घरी स्थळ आलं, तर मुलीच्या मावशीनं पत्रिका बाजूला ठेवून आधी विचारलं, "घरचे धुणारे आहेत का न धुणारे?" निवडणुकीचे दिवस होते. एक उमेदवार मंडळात हात जोडून आले. बायांनी त्यांना विचारलं, तुमचं मत काय? ते म्हणाले, "मी दोन्ही बहिणींसोबत आहे." झालं! दोन्हीकडची मतं गेली. अजून ते मला रस्त्यात भेटले की विचारतात, "मॅडम, नेमकं काय म्हणायला पाहिजे होतं?"

शेवटी ठरलं की परीक्षा घ्यायची. ही सूचना माझी. शिक्षकाला दुसरं काय सुचणार? दोन गोधड्या करायच्या. माप एकच, सहा फूट बाय चार फूट. कापड एकाच गठ्ठ्यातलं, लाल आणि पांढरं. एक गोधडी धुतलेल्या कापडाची, ती खातूनबींची. एक न धुतलेल्या कापडाची, ती पार्वताबाईंची. शिवून झाल्यावर दोन्ही सगळ्यांसमोर धुवायच्या, वाळवायच्या आणि मोजायच्या. जी जिंकेल तिच्याकडे बेतणी.

नियम कडक होते. कापड गुरुवारी वाटलं. शिवण सोमवारी सकाळी दोन साक्षीदारांसमोर सुरू व्हायची. खातूनबींनी आपलं कापड घरी नेऊन धुवायचं. आणि पार्वताबाईंचं कोरं कापड, त्याला कुणी पाण्याचा थेंब लावू नये म्हणून, एका तटस्थ, सुशिक्षित आणि विश्वासू व्यक्तीच्या घरी पेटीत ठेवायचं.

ती व्यक्ती मी.

मला जरा पाणी द्या कुणीतरी.

वीस दिवसांनी शाळेच्या पटांगणात परीक्षा झाली. माणसं किती! दोन मोठी घमेली, साबणाच्या एकाच वडीचे दोन तुकडे. गोधड्या धुतल्या, दोरीवर टाकल्या. मेमधलं ऊन, दोन तासांत खणखणीत वाळल्या. सूर्यभानजींनी मोजणी केली. त्यांनी पंचनामा लिहिला तो मंडळाच्या दप्तरात आहे. त्यात गोधडीची चतुःसीमा दिली आहे. पूर्वेस शाळेची भिंत, पश्चिमेस खातूनबी, उत्तरेस पाण्याचा रांजण, दक्षिणेस जमाव.

आणि निकाल काय लागला? न धुतलेल्या कापडाची गोधडी सहा फुटांची सहा फूट. एक सूतभर हलली नाही. रंगही जसाच्या तसा. आणि धुतलेल्या कापडाची गोधडी चार बोटं आटली, आणि तिचं पांढरं सगळं गुलाबी झालं.

पुन्हा सांगते. आधी धुतलेलं आटलं. न धुतलेलं आटलं नाही.

सूर्यभानजींनी टेप उलटा धरून पुन्हा मोजलं. तेच. मग माणसं अर्थ लावू लागली. कुणी म्हणालं, एकदा धुतलेल्या कापडाला पाण्याची धास्ती बसते, दुसऱ्यांदा पाणी दिसलं की ते अंग चोरतं. सूर्यभानजी म्हणाले की जमिनीचंही तसंच असतं, मोजली की कमी भरते. आणि ठराव झाला. अक्षर माझंच आहे. 'कापड आधी धुतल्याने आटते, सबब यापुढे मंडळात कोणतेही कापड शिवण्यापूर्वी धुतले जाणार नाही. सर्वानुमते मंजूर.' सर्वानुमते म्हणजे खातूनबींनीही हात वर केला होता. तो हात मला अजून दिसतो.

इथे पान एक संपतं. पान दोनवर लिहिलंय, 'खातूनबींचा स्वभाव शांत आहे.' मी ते पुढे वाचणार होते. भगिनींनो, मला वाचवत नाही.

आमचे खुशालराव तिकडे तिसऱ्या खांबाजवळ उभे आहेत आणि मला बसायची खूण करताहेत. खुशालराव, हात खाली करा. चाळीस वर्षं संसार केला, तुमची खूण मला कळते. आज मी ऐकणार नाही.

त्या आठवड्यात माझ्याकडे कुरडया होत्या. आता ज्यांनी घरी कुरडया केल्या त्यांना माहीत आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटेच उठून तो शिजवायचा, आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर स्वच्छ कापडावर कुरडया घालायच्या. मी शिजवत होते. खुशालरावांना ओरडून सांगितलं, "पेटीतलं स्वच्छ कापड काढा आणि गच्चीवर अंथरा!" मी म्हणाले होते जुन्या धोतराबद्दल. पेटीत वर काय होतं? मंडळाचं कोरं कापड. माणसानं स्वच्छ म्हटलं तर स्वच्छ काढलं. वर गच्ची तापू लागली होती म्हणून लाल खाली अंथरलं, पांढरं वर. सगळं विचारपूर्वक! मी सोऱ्या घेऊन वर गेले. चष्मा खाली, वाफेनं आंधळा झालेला. एकशे साठ कुरडया घातल्या मी त्या कापडावर. सुरेख घातल्या. दुपारी चष्मा लावून वर गेले आणि पाहते तर कुरडयांखाली मंडळाचं कापड.

कोऱ्या कापडाला कुरडया अशा चिकटल्या की मागून पाणी मारल्याशिवाय निघेनात. मारलं पाणी. कापड चिकट झालं, म्हणून धुतलं. लाल बुडवलं तर बादलीतलं पाणी लाल भडक. तीन पाण्यांत धुतलं तेव्हा ते रंग सोडायचं थांबलं. पांढऱ्याला लागलेला गुलाबी साबणानं घासून काढला. वाळलं तर मऊ! कोऱ्या कापडाची ती खळ गेली. आता काय करायचं? पातेल्याला चीक उरला होता. तो पाण्यात कालवला, कापड त्यात बुडवलं, वाळवलं, इस्त्री केली. आणि कापड असं कडक झालं, भगिनींनो, की गिरणीतूनही तसं निघालं नसेल. सोमवारी सकाळी साक्षीदारांनी बोटांत धरून पाहिलं. म्हणाले, "हं, एकदम कोरं."

मी तटस्थ होते.

आणि त्या कुरडया? परीक्षेच्या दिवशी चहाबरोबर तळून तुम्हीच खाल्ल्या. 'कशी फुलली' म्हणून तुम्हीच वाखाणल्या. जरा गुलाबी झाक होती, तेव्हा तुम्ही विचारलं, बीट घातलं का? मी हो म्हणाले.

म्हणजे काय झालं? पार्वताबाईंची गोधडी न धुतलेल्या कापडाची नव्हतीच. ती या गावातल्या सगळ्यांत जास्त धुतलेल्या कापडाची होती. म्हणून ती आटली नाही. खातूनबी जे सांगत होत्या तेच ती सांगत होती. आणि मी उठून बोलले नाही. पहिल्या दिवशी भीती वाटली, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि मग ठराव झाला. मी स्वतः लिहिलेला ठराव मीच कसा खोटा म्हणू? चौतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं. शुभम, तुला एकदा बाकावर उभं केलं होतं, आठवतं? बस, बस, तू नको उभा राहू आता.

त्यानंतरची नऊ वर्षं आपण पाहिली. आपण एकही कापड धुतलं नाही. अकोल्याहून एका गृहस्थांचं पत्र आलं की पहिल्या धुण्यानंतर गोधडी पायाला पुरत नाही. त्याला मंडळानं उत्तर पाठवलं, 'आपण पाय जवळ घेऊन निजावे.' अक्षर माझं. नांदगाव खंडेश्वरहून एक नवं जोडपं आलं. नवरदेव पावसात भिजून आला, तसाच गोधडीत शिरला, सकाळी उठला तर गुडघ्यापर्यंत गुलाबी. डॉक्टरांनी तीन दिवसांचं औषध दिलं. पायांचा रंग आपोआप उतरला, पण औषधाला गुण आला म्हणून त्यांनी डॉक्टरांना पेढे दिले. तक्रारी आल्या की आपण म्हणायचो, पाण्याचा दोष, आपलं पाणी खारं. आणि प्रत्येक वेळी मी दाराकडं बघायचे. खातूनबी सुईत दोरा ओवत असायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की, मी सांगितलं होतं.

पार्वताबाई, माझ्याकडं तसं पाहू नका. मला माहीत आहे. तुमचा यात काहीच दोष नाही. तुम्ही प्रामाणिकपणे चुकलात. मी अप्रामाणिकपणे.

पण मला एक कोडं नऊ वर्षं सुटलेलं नाही, आणि खातूनबी जाण्याआधी मला ते विचारायचं आहे. माझ्याकडचं कापड धुतलेलं होतं म्हणून आटलं नाही. ठीक. पण खातूनबी, तुमचंही धुतलेलं होतं ना? मग तुमचं का आटलं?

काय? जरा मोठ्यानं. माईक द्या रे त्यांना.

मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. खातूनबी म्हणतात, "धुतलंच नव्हतं."

शांत राहा. शांत राहा! खातूनबी, तुम्ही? ज्या आम्हाला धुवा धुवा म्हणून सांगायच्या?

"पाणी नव्हतं ना, बाई," असं म्हणतात त्या.

पाणी नव्हतं म्हणजे? शुक्रवारी नळ आला होता. मी भरलं, सगळ्यांनी भरलं. गोड पाणी आठ दिवसांतून एकदा येतं, ते कुणी सोडत नाही. तुमच्या अंगणात दोन निळे ड्रम असतात, ते भरले नव्हते? भरले होते. मग? तुम्ही मान का हलवता? बोला ना. सांगायचं नाही? नऊ वर्षं झाली, आता काय सांगायचं नाही?

ही नीलम कशाला उठली? नीलम, तू जेवणाकडे बघ बाई, झारा घेऊन हॉलमध्ये काय येतेस? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, नीलम म्हणजे पार्वताबाईंची सून. रडतेस कशाला? माईकवर ये.

ऐकलंत? मागच्यांसाठी सांगते. त्या रविवारी पार्वताबाईंच्या लेकीला, आरतीला, पाहायला बार्शीटाकळीहून पाहुणे आले होते. यायचे होते सहा, आले दोन जीपा भरून. आणि शुक्रवारी टाकी भरायची नीलमची राहून गेली होती. नवी सून, सासूला सांगायची हिंमत नाही. ती मागच्या भिंतीवरून खातूनबींना म्हणाली, "चाची, पाणी द्या. पण आमच्या आत्याबाईले सांगू नका." खातूनबींचं कापड अजून धुवायचं होतं, तरी त्यांनी दोन्ही ड्रम हंड्या हंड्यानं भिंतीवरून रिकामे केले. पुढचा नळ शनिवारी. शिवण सोमवारी. खाऱ्या पाण्यात धुतलं असतं तर कापडावर पांढरे डाग उमटले असते आणि साक्षीदारांनी विचारलं असतं, गोड पाणी कुठं गेलं? म्हणून त्यांनी कोरंच कापड शिवायला घेतलं. आटणार हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? तरी वीस दिवस त्यांनी त्यात टाके घातले.

पार्वताबाई उठल्या आहेत. सगळे खाली बसा. अध्यक्ष महोदय, तुम्हीही बसा, तुमचंही काही कबूल करायचं असेल तर ते जेवणानंतर.

पार्वताबाई म्हणतात... माईक नको म्हणतात. मी सांगते. त्या म्हणतात, "ते पाणी इचं होतं? अन् मी त पाहुण्याइले सांगून राह्यली होती, आमच्याकडे पाण्याची काही कमी नाही! पाय धुवायले एकेकाले दोन दोन तांबे देल्ले म्या!"

आणि आता त्या खातूनबींना विचारताहेत, "काहून सांगतलं नाही वं?"

खातूनबी म्हणतात, "तुमच्या आरतीचं जमून राह्यलं होतं. त्यात मी कुठं ड्रम मोजत बसू?"



आरतीला आता दोन पोरं आहेत. सुखात आहे. खातूनबींकडची बेतणी गेली, त्या दाराजवळ जाऊन बसल्या. बसवणाऱ्या आम्ही. आणि आज त्यांना निरोप द्यायला शाल आणली, नारळ आणला, भाषण लिहून आणलं. लाज वाटते मला.

पार्वताबाई, हे काय करता? ते भेटीचं पुडकं आहे. ते कार्यक्रमाच्या शेवटी अध्यक्षांच्या हस्ते द्यायचं आहे. अहो, कागद फाडला! भगिनींनो, ज्यांना दिसत नाही त्यांना सांगते, मंडळानं खातूनबींसाठी जी गोधडी केली ती पार्वताबाईंनी उघडली आहे. विचारताहेत, "हे कापड धुतलं होतं का?"

कसं धुणार? ठराव आहे ना आपला. कोऱ्याचीच केली.

म्हणतात, "मंग ही आटन. ही द्यायची नाही."

त्या दातांनी दोरा तोडताहेत. सत्तरीच्या बाई, तोंडात चारच दात, आणि त्यातल्या दोनांनी... सावकाश, पार्वताबाई! नीलम, आत्याबाईंना धर. काय म्हणतात? सांगते, सांगते. म्हणतात, "उसवायले चार दिवस. नळ शुक्रवारी येईन, मंग धुवायले दोन दिवस. खातून बेतन. शिवायले पुरा महिना. तोवर कोणी कुठं जाऊन नाही राह्यलं." शाइस्ता, बेटा, तुझ्याकडे बघून म्हणताहेत. मला वाटतं, गाडीवाल्याला सांगावं लागेल तुला.

आणि खातूनबी कडेच्या खुर्चीवरून उठल्या. भगिनींनो, उठल्या. पार्वताबाईंच्या हातातून गोधडी घेतली. म्हणताहेत, "तिकून नाही, बाई, इकून ओढा. गाठ इकडे आहे. तिकून ओढलं तर कापड फाटन." आणि पार्वताबाई ऐकताहेत! नऊ वर्षांत पहिल्यांदा पार्वताबाई कुणाचं तरी ऐकताहेत, सूर्यभानजी, हेही पंचनाम्यात घ्या.

अध्यक्ष महोदय, माझ्या हातातली दोन पानं तशीच राहिली. त्यांत खातूनबींचे सहा गुण लिहिले आहेत, एकही वाचायचा नाही असं मी ठरवलं आहे, कारण मी लिहिले तेव्हा मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचा ठराव मी लिहिला होता, तो रद्द झाला असं मीच आता जाहीर करते. जिला हरकत असेल तिनं हात वर करावा. एकही नाही. पार्वताबाईंचे दोन्ही हात गोधडीत आहेत, ते मी धरत नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी त्या दिवशी माप बरोबर घेतलं. चूक मापात नव्हती. नीलमचे आभार, ती आज झारा घेऊन उभी राहिली. खुशालरावांचे आभार, त्यांनी गच्चीवर स्वच्छ कापड अंथरलं, आणि नऊ वर्षं त्यांनी एकदाही मला त्यावरून टोमणा मारला नाही. अकोल्याच्या त्या गृहस्थांचे आभार, मी उद्या त्यांना नवं पत्र लिहीन. शाइस्ताची क्षमा मागते, तिची सुट्टी वाया गेली. ज्यांचे पाय गुलाबी झाले त्यांची क्षमा मागते. आपण माझं एवढं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत. त्यात जे भलतं निघून गेलं ते पोटात घाला, आणि जे नऊ वर्षं माझ्या पोटात होतं त्याबद्दल मला माफ करा. जेवण तयार आहे, भिंतीजवळच्या बंधूंनी आता बसून घ्यावं.

आणि खातूनबी, मी तुम्हाला निरोप द्यायला उभी राहिले होते. तुम्ही जाऊ नका.